गाईडमधलं एक वाक्य आणि आठवी ‘ब’

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावच्या अनुदानित माध्यमिक शाळेतलं. शाळा आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय मात्र जसेच्या तसे आहेत. मी इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकांच्या एका अभ्यासगटात काम करते. वाद पेटल्यानंतर मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं. त्यामुळे आधीचा भाग ऐकीव आहे, नंतरचा मी पाहिलेला.

पार्श्वभूमी

आठवीच्या इतिहासात १८५७ च्या लढ्याचा पाठ आहे. त्याच्या सुरुवातीला १८५७ पूर्वीच्या उठावांचा आढावा येतो आणि त्यात उमाजी नाईक येतात. पुस्तकाचा सूर आदराचा आहे. रामोशी बांधवांना संघटित करून त्यांनी इंग्रजांविरुद्ध बंड केलं, १८३२ साली त्यांना फाशी झाली, एवढं सांगून पाठ पुढे सरकतो. आढावा म्हटल्यावर असंच होणार. पण ज्या समाजाला त्यांनी संघटित केलं तो समाज कोण, करत काय होता, बंड करण्याइतकं त्याचं काय गेलं होतं, हे त्या थोड्या ओळींत मावत नाही.

वर्गात साठाच्या घरात मुलं. इतिहासाचे सर वीसेक वर्षं शिकवणारे, मुलांना आवडणारे, कुणावर हात न उगारणारे. पाठ वाचून झाला की प्रश्नोत्तरं ते फळ्यावर लिहून देत. ती बाजारात मिळणाऱ्या एका गाईडमधून उतरवलेली असत. यात त्या सरांचं वेगळं काही नाही. बहुतेक शाळांत इतिहास असाच शिकवला जातो. दुपारच्या शेवटच्या तासाला, पेंगुळलेल्या वर्गाला, परीक्षेपुरता.

‘उमाजी नाईक यांनी उठाव का केला?’ या प्रश्नाचं गाईडमधलं उत्तर असं सुरू होत होतं: ‘रामोशी ही चोऱ्या-दरोडे करून उपजीविका करणारी जमात होती. उमाजी नाईक यांनी या जमातीला एकत्र आणून इंग्रजांविरुद्ध लढण्यास प्रवृत्त केले.’

आणखी एक गोष्ट आधीच घडून गेली होती. शाळा सुरू झाल्यावर शिष्यवृत्त्यांचे अर्ज भरले जातात. आठवी ते दहावीतल्या विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलींसाठी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती असते. वर्गशिक्षकांनी त्या मुलींची नावं भर वर्गात वाचली आणि ‘जातीचे दाखले उद्या आणा’ असं सांगितलं. एका मुलीला शेजारणीने विचारलं, ‘तुमची जात कुठली गं?’ तिने खरं ते सांगितलं: रामोशी. त्या दिवसापर्यंत वर्गाला ते माहीत नव्हतं.

अडचण कशी उभी राहिली

उत्तर फळ्यावर लिहिलं त्या दिवशी मधल्या सुट्टीत एका मुलाने ओरडून सांगितलं, ‘दप्तरं सांभाळा रे!’ हसू झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग ते वाक्य ती वर्गात शिरली की आपोआप येऊ लागलं. मुलीने घरी काही सांगितलं नाही.

पहिल्या घटक चाचणीत तोच प्रश्न आला. तिने पहिलं वाक्य गाळलं आणि स्वतःचं लिहिलं: ‘रामोशी लोक गडाची आणि गावाची राखण करत होते. इंग्रजांनी त्यांचे हक्क काढून घेतले म्हणून उमाजी नाईकांनी उठाव केला.’ सरांनी दोन गुण कापले आणि बाजूला शेरा लिहिला: ‘दिलेले उत्तर लिहिणे.’

इतिहास म्हणून पाहिलं तर वर्गातलं सर्वांत अचूक उत्तर तिचंच होतं. पुरंदरच्या राखणीचं काम पिढीजात रामोशांकडे होतं. उमाजींचा जन्म त्या किल्ल्याजवळच्या भिवडी गावचा, १७९१ चा. १८१८ मध्ये पेशवाई गेली, गड इंग्रजांच्या ताब्यात आले, आणि राखणीबरोबर येणारी वतनं आणि हक्कही गेले. उठावामागचं हे कारण आहे, आणि नेमकं हेच गाईडच्या उत्तरात नव्हतं.

पालकसभेत पेपर घरी गेले. वडील साखर कारखान्यावर सुरक्षारक्षक. ते रात्रपाळी उतरून थेट शाळेत आले आणि मुख्याध्यापिकांसमोर पेपर ठेवून म्हणाले, ‘बाई, आमी जागतो म्हणून कारखाना झोपतोय. आन् माझ्या पोरीनं लिवायचं का, की आमी चोर?’

त्यांच्यामागोमाग दोन दिवसांनी मुलीचे चुलते आले, समाजाच्या एका स्थानिक संघटनेचे कार्यकर्ते. त्यांच्या हातात निवेदन होतं. मागण्या तीन: सरांना निलंबित करा, शाळेने जाहीर माफी मागावी, आणि ‘रामोशी समाजाने कधीही चोरी केली नाही’ असं वाक्य सर्व मुलांच्या वहीत लिहून द्यावं. ऑगस्ट संपत आला होता. ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन, कारण काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा, इंग्रजांच्या काळातला गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये त्या दिवशी रद्द झाला. ७ सप्टेंबर उमाजी नाईकांची जयंती, आणि ती शासनाच्या यादीत असल्याने त्या दिवशी शाळेत प्रतिमेला हार घातला जातो. चुलत्यांनी विचारलं, ‘फोटोला हार घालणार आणि वहीत दरोडेखोर लिहिणार?’ या प्रश्नाला शाळेकडे उत्तर नव्हतं.

पहिले काही दिवस शाळेचा वेळ एका वेगळ्याच गोष्टीत गेला. निवेदनात ‘अ‍ॅट्रॉसिटी दाखल करू’ असा इशारा होता. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी वकिलांना विचारलं. अत्याचार प्रतिबंधक कायदा अनुसूचित जाती-जमातींसाठी आहे, आणि महाराष्ट्रात रामोशी विमुक्त जातींच्या यादीत येतात. त्यामुळे तो कायदा इथे लागू होत नव्हता. हे कळताच शिक्षकखोलीत सुटकेचा निःश्वास पडला. ‘मग काही करू शकत नाहीत ते,’ असं कुणीतरी म्हणालं, आणि ते चुलत्यांच्या कानावर गेलं. प्रकरण खरं चिघळलं ते त्या वाक्याने. फळ्यावरच्या वाक्यामागे अजाणतेपण होतं असं म्हणता येत होतं. या वाक्यामागे तसं काही म्हणायला जागा नव्हती.

समोरचे पर्याय

मी पोचले तेव्हा मुख्याध्यापिकांच्या टेबलावर चार सूचना होत्या आणि प्रत्येकीच्या पाठीशी कुणी ना कुणी उभं होतं.

संस्थेला हवी होती हात झटकण्याची वाट. पाठ्यपुस्तकात आक्षेपार्ह काही नाही, गाईड शाळेने छापलेलं नाही, सबब शाळेचा संबंध नाही, असं पत्र तयारसुद्धा होतं. त्यातलं एकही विधान खोटं नव्हतं. पण मुलांच्या डोक्यात शिरलेलं वाक्य शाळेच्याच फळ्यावरून शिरलं होतं.

दुसरी वाट सरांना कारणे दाखवा नोटीस देण्याची. निवेदनाला उत्तर मिळालं असतं, वर्तमानपत्रात बातमी आली असती. वर्गात मात्र काहीही बदललं नसतं. उलट ‘हिच्यामुळे सरांना नोटीस’ हे तिच्या नावावर चढलं असतं.

तिसरी सूचना काही शिक्षकांची: तो प्रश्नच काढून टाकू, उमाजी नाईकांवर परीक्षेत काही विचारायचंच नाही. ही वाट वाटते त्याहून जास्त रुळलेली आहे. २०१२ मध्ये एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातल्या, डॉ. आंबेडकर आणि संविधाननिर्मितीवरच्या जुन्या व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला आणि तोडगा निघाला तो चित्र काढण्याचा. नववीच्या पुस्तकात पोशाखाच्या सामाजिक इतिहासावर प्रकरण होतं. त्यात त्रावणकोरमधल्या नाडर स्त्रियांच्या अंग झाकण्याच्या हक्कासाठीचा लढा होता. त्यावर आक्षेप आले, आधी तो भाग परीक्षेतून गेला आणि २०१९ मध्ये अख्खं प्रकरण पुस्तकातून गेलं. दोन्हीकडे दुखावलेल्यांचं म्हणणं वेगवेगळं होतं आणि त्यात तथ्यही होतं. पण काढून टाकल्यावर त्या विषयावर मुलांना शिकवणारं पान उरत नाही, आणि बाहेर जे काही बोललं जातं तेच ज्ञान ठरतं. आमच्या प्रकरणात तर मुळात पुस्तक थोडं बोललं म्हणूनच गाईड जास्त बोललं होतं. आणखी गप्प बसून ते सुधारणार नव्हतं.

चौथी वाट पाठ पुन्हा शिकवण्याची. सर यालाही तयार नव्हते. ‘पुन्हा शिकवणं म्हणजे मी चुकलो हे कबूल करणं,’ असं ते म्हणाले. शिवाय त्यांचा एक आक्षेप खरा होता. चुलत्यांना हवं असलेलं वाक्य लिहून द्यायला त्यांनी साफ नकार दिला: ‘दरोडे पडले होते. कागदपत्रं आहेत. मी खोटं शिकवणार नाही.’

काय केलं

पहिली बैठक फिसकटली. एका बाजूला संस्थेचे तीन जण खुर्च्यांवर, समोर बाकावर वडील आणि चुलते. अशा मांडणीत दुसरं काही होणार नव्हतं. दुसऱ्या वेळी मुख्याध्यापिकांनी संस्थेच्या लोकांना बोलावलंच नाही. प्रयोगशाळेत एका टेबलाभोवती वडील, चुलते, सर, त्या आणि मी बसलो. शिक्षकखोलीतल्या त्या वाक्याबद्दल त्यांनी सुरुवातीलाच, कुणाचं नाव न घेता, माफी मागितली. लेखी माफीपेक्षा तिचा परिणाम जास्त झाला असं मला वाटतं.

मग वाद आला तो ‘चोरी केली की नाही’ यावर. चुलते मागे हटेनात, सर कागदपत्रांचा धोशा सोडेनात. बराच वेळ गप्प बसलेले वडील म्हणाले, ‘हक्क गेल्यावर, पोटाला नसताना केली असंल कुणी. आमी काय सगळे देव न्हाई. पण का केली, कवा केली, ते लिवा की. नुसती जात काय लिवता?’

ते ऐकून सर पहिल्यांदा नीट वळून बसले. मला पाठ आखायला जे हवं होतं ते त्या माणसाने दोन वाक्यांत सांगितलं होतं. भांडण दरोडे पडले की नाही याचं नव्हतंच. एका काळात, एका कारणाने, काही माणसांनी केलेली कृती अख्ख्या समाजाचा धंदा म्हणून लिहिली गेली होती, आणि ती लिहिणारा कोण हे पुसलं गेलं होतं.

सरांबरोबर बसून दोन तासिका आखल्या. मुलांना चार चिठ्ठ्या द्यायच्या ठरल्या.

पहिलीत गावराखणीची जुनी पद्धत. गावात चोरी झाली की माग काढायची जबाबदारी राखणदाराची. माग दुसऱ्या गावच्या शिवेपर्यंत गेला की पुढचा तपास त्या गावच्या राखणदाराचा. माग लागलाच नाही तर भरपाईचा बोजाही त्याच्यावर येई. पेशवाईनंतर इथला मुलूख सांभाळणाऱ्या एल्फिन्स्टनने आपल्या अहवालात या व्यवस्थेचं वर्णन केलेलं आहे, म्हणजे हे समाजाचं स्वतःबद्दलचं कौतुक नव्हे.

दुसऱ्या चिठ्ठीत १८१८ नंतर काय काय गेलं ते: गडाची नोकरी, इनाम, गावाकडून मिळणारे हक्क.

तिसरी चिठ्ठी मला सर्वांत रंजक वाटते. उमाजींना पकडण्याच्या मोहिमेतला अधिकारी कॅप्टन मॅकिंटॉश याने १८३३ मध्ये रामोशी समाजावर आणि उमाजींच्या आयुष्यावर पुस्तक लिहिलं. ज्याने पकडलं त्यानेच चरित्र लिहिलं, आणि ‘रामोशी म्हणजे कोण’ याचं पुढच्या अनेक लिखाणाला पुरलेलं साहित्य तिथून आलं. मधल्या काळात इंग्रजांनी उमाजींना माफी देऊन बंदोबस्ताच्या कामावरही घेतलं होतं. म्हणजे तोच माणूस त्याच सरकारच्या दप्तरात आधी दरोडेखोर, मग नोकर, मग पुन्हा दरोडेखोर, आणि आज शासनाच्या जयंतीच्या यादीत.

चौथी चिठ्ठी गुन्हेगार जमाती कायद्याची. १८७१ चा मूळ कायदा आधी उत्तरेकडे आला. मुंबई इलाख्यात त्याचा अंमल १९११ च्या कायद्याने सुरू झाला. नोंदवहीत नाव, बोटांचे ठसे, ठरल्या वेळी हजेरी, गाव सोडायला परवाना, आणि काही जमातींना सोलापूरसारख्या ठिकाणच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड ठेवणं. गुन्हा केला म्हणून नव्हे, त्या जमातीत जन्मला म्हणून. आठवीचा पाठ १८५७ पाशी संपतो, त्यामुळे तिथे हा कायदा येण्याचं कारणच नाही. पण ‘चोऱ्या करणारी जमात’ हे शब्द गाईडवाल्याच्या हाताला इतके सहज का लागले, ते या कायद्याशिवाय समजत नाही. वासुदेव बळवंत फडक्यांच्या १८७९ च्या बंडात दौलतराव नाईक आणि रामोशी साथीदार होते, हेही आम्ही त्याच चिठ्ठीत घातलं. मुलांना उमाजींच्या नंतरचं एक तरी नाव कळावं म्हणून.

प्रत्येक चिठ्ठीखाली प्रश्न तेच: हे कोण सांगतंय, कधी सांगतंय, यात कुणाचा आवाज नाही? शेवटी गाईडमधलं पहिलं वाक्य प्रत्येकाने स्वतः पुन्हा लिहायचं.

आखणी चालू असताना एक निर्णय अडला. मुख्याध्यापिकांना वाटत होतं की मुलीने आपलं उत्तर वर्गासमोर वाचावं, म्हणजे तिचा मान परत मिळेल. हेतू चांगला होता. मी विरोध केला. तेरा वर्षांच्या मुलीला पुन्हा एकदा ‘त्या समाजाची’ म्हणून उभं करणं, मग ते टाळ्यांसाठी का असेना, मला पटेना. शेवटी तिलाच एकटीला विचारलं. ‘नको, बाई,’ एवढंच ती म्हणाली. मग थोडं थांबून तिने विचारलं, बाक बदलून मिळेल का. बाक बदलला.

वर्गात काय झालं

पहिली तासिका रटाळ गेली. सर घाबरून वाचतच राहिले. दुसऱ्या तासाला मुलं माग काढण्याच्या चिठ्ठीवर अडकली आणि रंगली. ‘चोराला पकडायचं काम ज्याचं, त्यालाच चोर कसं म्हटलं?’ हा प्रश्न एका मुलाने विचारला. तोच, ‘दप्तरं सांभाळा’ म्हणणारा. त्याला काही उपरती झाली होती असं मी म्हणणार नाही. त्याला कोडं आवडलं होतं.

नव्याने लिहिलेली वाक्यं वाचताना मात्र आमचे डोळे उघडले. थोड्या मुलांनी कारण, काळ आणि कर्ता नेमका धरला होता. बऱ्याच जणांनी लिहिलं होतं, ‘इंग्रजांमुळे रामोशी लोक चोर झाले.’ म्हणजे दोष इंग्रजांकडे सरकला, चोर मात्र सगळेच राहिले. आणि जवळजवळ तितक्याच जणांनी लिहिलं, ‘रामोशी ही अतिशय शूर आणि इमानी जमात होती.’ सरांना हे उत्तर आवडलं. चुलत्यांनाही आवडलं असतं. मला ते पहिल्याचंच उलटं टोक वाटतं. शूर मावळा, इमानी रामोशी, काटक भिल्ल: आपल्या शालेय इतिहासात कौतुकसुद्धा जातवार वाटलेलं असतं, आणि ज्याच्या वाट्याला शौर्य येतं त्याच्या वाट्याला विचार, कारभार, व्यापार सहसा येत नाही. उमाजी नाईकांनी जाहीरनामा काढला होता आणि त्यात महसुलाबद्दल बोलले होते. ही राजकारण करणाऱ्या माणसाची खूण आहे. ‘शूर जमात’ म्हटलं की तो माणूस पुन्हा दिसेनासा होतो. सरांशी यावर बोलणं झालं. त्यांना ते पूर्ण पटलं नाही.

तास संपता संपता मागच्या बाकावरच्या एका मुस्लिम मुलाने हात वर केला. ‘सर, चौथीत अफझलखानाचा धडा असतो तेव्हा सगळे आमच्याकडे बघतात. त्याचं पण असंच करायचं का?’

वर्ग शांत झाला. सरांनी घड्याळाकडे पाहिलं, ‘तो विषय वेगळा आहे, नंतर बोलू’ म्हणाले, आणि घंटा झाली. त्या क्षणी त्यांच्यावर काय दडपण होतं ते मला कळतं. एक वाद मिटवताना दुसरा अंगावर घ्यायला कोण तयार होईल? पण माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा निर्णय त्या अर्ध्या मिनिटात झाला, आणि तो चुकला. मुलाने वेगळा विषय काढलाच नव्हता. चार चिठ्ठ्यांतून शिकवलेला प्रश्न त्याने स्वतःच्या आयुष्याला लावून पाहिला होता. उत्तराला फार तयारीही लागत नव्हती. १६५९ च्या त्या भेटीत शिवरायांच्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता आणि खानाचा वकील होता कृष्णाजी भास्कर कुलकर्णी. माणसं धर्माने वाटली गेली नव्हती, चाकरीने आणि निष्ठेने वाटली गेली होती. एवढं जरी सांगितलं असतं तरी त्या मुलाला हात खाली घेताना बरं वाटलं असतं.

निष्पन्न

दोन गुण परत मिळाले. सरांनी शेऱ्यावर काट मारून खाली सही केली आणि इतर चार-पाच मुलांचेही गुण वाढवले, कारण स्वतःच्या शब्दांत लिहिल्याबद्दल त्यांचेही कापले गेले होते. नोटीस निघाली नाही. संघटनेने निवेदन मागे घेतलं, जाहीर माफीची मागणी मात्र कागदावर सोडली नाही. ७ सप्टेंबरला चुलत्यांनी शाळेत येऊन भाषण केलं. भाषणात पुन्हा ‘शूर जमात’ होतीच, आणि वडिलांचं ‘का केली, कवा केली’ नव्हतं.

वर्गातलं चिडवणं थांबलं. एसटीत ते सुरू असल्याचं मुलीच्या मैत्रिणीने नंतर सांगितलं. तिथे इतर शाळांची मुलंही असतात, त्यांनी त्या चिठ्ठ्या पाहिलेल्या नाहीत.

शिष्यवृत्तीची नावं आता वर्गात वाचली जात नाहीत. मुलींना कार्यालयात एकेकीला बोलावतात. फुकटात झालेली ही सुधारणा, आणि माझ्या मते सर्वांत टिकाऊ. दाखल्याचा प्रश्न मात्र तसा सुटत नाही. विमुक्त जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो आणि तो बहुतेक वेळा आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये सापडतो. म्हणजे एका खिडकीवर जात सिद्ध करायची आणि वर्गात ती दडवायची, अशी कसरत या मुली दरवर्षी करतात. वडील त्याच आठवड्यात उताऱ्यासाठी शाळेत येऊन गेले होते हे मला नंतर कळलं.

पाठ्यपुस्तक मंडळाला पत्र पाठवायचं ठरलं तेव्हा पहिला मसुदा ‘आक्षेप’ म्हणून लिहिला गेला होता. तो बदलून घेतला, कारण पुस्तकात चूक नव्हती. नव्या पुस्तकात राखणीची व्यवस्था आणि गुन्हेगार जमाती कायदा यांवर एक चौकट असावी, एवढीच सूचना गेली. गाईड अजूनही स्टेशनरीच्या दुकानात मिळतं, त्याच उत्तरासह. प्रकाशकाला लिहावं असं मी सुचवलं होतं. संस्थेला तो ताप नको होता.

काय वेगळं करता आलं असतं

वकिलांना विचारण्याआधी मुलीशी बोलायला हवं होतं. पेपर मुख्याध्यापिकांच्या टेबलावर आल्यापासून कितीतरी दिवस तिला कुणीच काही विचारलं नाही. सगळी चर्चा तिचे वडील, चुलते आणि सर यांच्याभोवती फिरत राहिली. ‘दप्तरं सांभाळा’ हे शाळेला कळलं तेसुद्धा दुसऱ्या एका मुलीकडून.

सरांना एकटं पाडायला नको होतं. त्यांनी जे केलं ते शाळेतले सगळेच विषयशिक्षक करत होते. गाईडची उत्तरं फळ्यावर येण्याचा प्रश्न भूगोलात, नागरिकशास्त्रातही होता. तो सगळ्यांचा म्हणून घेतला असता तर सरांना ‘कबुली’ वाटली नसती आणि दुसऱ्या तासाच्या शेवटी त्यांच्या अंगात त्या मुलाला उत्तर देण्याइतकं बळ उरलं असतं.

पहिल्या बैठकीची खुर्ची-बाकाची मांडणी टाळता आली असती, तर एक आठवडा वाचला असता.

आणि चिठ्ठ्यांमध्ये पाचवी हवी होती, समाजाच्या स्वतःच्या सांगण्याची. बहिर्जी नाईकांना हा समाज आपला मानतो. घरोघरी हजेरीच्या, गावाच्या राखणीच्या आठवणी आहेत. वडिलांनी त्यांच्या आजोबांबद्दल प्रयोगशाळेत जे सांगितलं ते त्यांच्या परवानगीने लिहून घेता आलं असतं. आमच्या चारही चिठ्ठ्या शेवटी सरकारी कागदांतून आलेल्या होत्या, आणि ‘यात कुणाचा आवाज नाही?’ हा प्रश्न त्यांनाही लागू होता. एका मुलीने तो विचारलाही. सरांनी तिला शाबासकी दिली आणि पुढचा मुद्दा घेतला.

मुख्याध्यापिकांनी पुढच्या वर्षाच्या नियोजनात तीन गोष्टी लिहून ठेवल्या आहेत: याद्या वर्गात वाचायच्या नाहीत, स्वतःच्या शब्दांतल्या उत्तराचे गुण कापायचे नाहीत, आणि अफझलखानाच्या पाठावर चौथीच्या शिक्षकांशी बोलायचं. चौथीचा वर्ग शेजारच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत भरतो. दोन्ही शाळांची एकत्र बैठक दिवाळीनंतर ठरली होती, शिक्षकांना निवडणुकीचं काम लागल्याने ती पुढे गेली. ती अजून व्हायची आहे.